गिरणीवाल्यांची तलवार

गिरणीवाल्याच्या घरात कुणी हळू बोलत नाही. आमचं घर चिंचणीत, गिरणीला लागूनच. मधे एकच भिंत, आणि तिच्यातून दिवसभर पट्ट्याचा फटफटाट घरात यायचा. वीज गेली की तो एकदम थांबायचा, आणि मग आमच्या लक्षात यायचं की आपण मीठ मागतोय ते पलीकडच्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात. पीठ तर सगळीकडेच. आरशावर, रेडिओवर, अण्णांच्या भुवयांवर. अण्णा म्हणजे माझे वडील. आई तांदळाच्या भाकऱ्या थापायची आणि म्हणायची, आपल्याकडं परातीत पीठ घ्यायची गरजच नाय, कुठंही हात फिरवा. सुक्या बोंबलाचं कालवण असलं की गिरणीवर बसलेली गिऱ्हाइकंही नाक वर करायची. थंडीत मागच्या वाडीत उकडहंडी लागायची: मडक्यात कंद, रताळी, वालाच्या शेंगा भरून, तोंडाला पाला कोंबून, मडकं उलटं ठेवून भोवती जाळ. त्या धुराचा वास दुसऱ्या दिवशी माझ्या वेणीला असायचा आणि मी तो घेऊन कॉलेजात जायचे. त्याची मला तेव्हा लाज वाटायची. आता तोच वास कुठे मिळत नाही म्हणून मी उकडहंडी लावा म्हणत पोरांच्या मागे लागते आणि पोरं मला लाजतात.

लाज वाटायचं कारण असं की मी त्या वेळी भावी इतिहासकार होते. पालघरच्या कॉलेजात इतिहास घेऊन बी.ए. करत होते आणि घरात शुद्ध बोलायला लागले होते. ‘आमी’, ‘तुमी’, ‘नाय’ हे सगळं मी एका पावसाळ्यात टाकून दिलं. आईला ‘मला भूक नाही’ म्हणताना मी ‘ही’वर असा काही जोर द्यायचे की ती बिचारी मला ताप आलाय का ते हात लावून बघायची. (पुढे मी इतिहासकार वगैरे काही झाले नाही. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, कारण जागा भूगोलाची होती.)

तर आमच्या ओटीवर एक तलवार टांगलेली होती. मुठीत लाल खडा, म्यानावर जरीचं फडकं. दळण घेऊन आलेली माणसं नंबर लागेपर्यंत ओटीवर बसत आणि अण्णा त्यांना त्या तलवारीची लढाई सांगत. आमच्या कुणा खापरपणजोबांनी तारापूरच्या किल्ल्यात फिरंग्यांना कसं कापलं त्याची. दळण थोडं असेल तर चार-पाच फिरंगी पडायचे. लग्नसराईत डब्यांची रांग अंगणापर्यंत गेली की अर्धी पलटण. अण्णा गिरणीच्या आवाजावर आवाज चढवून सांगायचे, त्यामुळे लढाईत खरंच धुमश्चक्री वाटायची. मी वर्गात सरांना ही तलवार ‘अप्रकाशित साधन’ म्हणून सांगितली होती.

वाचनालयाच्या मागे एक बंद पडलेली व्यायामशाळा होती. वाचनालयाच्या कमिटीनं ठरवलं की तिथे गावाचं इतिहास-दालन करायचं. अध्यक्ष होते आमचे निवृत्त हेडमास्तर. गावात सगळे त्यांना नुसतं गुरुजीच म्हणत. बोईसरला एस.टी.ची वाट बघत आम्ही कॉलेजची चौघं रोज ताटकळायचो, तिथे त्यांनी आम्हाला गाठलं. ‘या कार्याला तरुण रक्त हवंय,’ ते म्हणाले. मी तत्काळ हो म्हटलं. रक्ताची गरज झाडू मारायला आणि कपाटं पुसायला होती, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

आम्ही चौघं म्हणजे एक मी. दुसरी हेमलता, समुद्राकडच्या मांगेलआळीतली. तिच्या घरचे होडीवर जायचे आणि तिची आई मासळी सुकवून बाजारात विकायची. तिसरा लहानू, डोंगराकडच्या पाड्यावरचा, बोईसरला मेव्हण्याच्या खोलीत राहून शिकणारा. तो दिवसात मोजकं बोलायचा आणि तेवढ्यात काम भागवायचा. चौथा राममिलन, कारखान्यांशेजारच्या सालवडचा. त्याचे वडील रंगाच्या कारखान्यात होते. घरात हिंदी, बाहेर मराठी, आणि भांडताना दोन्ही.

दालनात पहिल्या महिन्यात जमलं ते असं: तीन-चार बड्या घरांतल्या समया, पानाचे डबे, एक पालखीचा दांडा, पगड्या घातलेल्या माणसांच्या तसबिरी, आणि मधोमध, काचेच्या पेटीत, आमची तलवार. अण्णांनी ती स्वतः आणून दिली, तेव्हा गिरणी अर्धा दिवस बंद ठेवली होती. वस्तूंखालच्या चिठ्ठ्या लिहायचं काम मी अर्थातच ओढून घेतलं. पानाच्या डब्याला ‘तांबूलपेटिका’. अडकित्त्याला ‘पूगीफलकर्तक’. हा शब्द शोधायला मला दोन दिवस लागले होते. हेमलता झाडू हातात धरून तो वाचत उभी राहिली.

‘शैला, हा अडकित्ता हाय ना?’

‘हो, पण—’

‘मग लोकांना कळू दे की.’

मी तिला भाषेच्या प्रतिष्ठेबद्दल काहीतरी सांगितलं. ती झाडत झाडत पुढे गेली आणि दालनाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन थांबली. ‘एक सांग,’ ती तिथूनच म्हणाली. ‘आपल्या गावाला दर्या हाय का नाय?’

मी आजूबाजूला पाहिलं. एवढ्या वस्तूंत समुद्राचं काही नव्हतं. एक गळसुद्धा नव्हता. डोंगराचं काही नव्हतं. सालवडचं तर नव्हतंच. कारखाने येऊन इतकी वर्षं झाली तरी आम्ही गाववाले सालवडच्या लोकांना अजून ‘नवीन’ म्हणत होतो, आणि राममिलनचा तर जन्मच इथला.

आम्ही चौघं गुरुजींकडे गेलो. गुरुजी सज्जन माणूस. त्यांनी ऐकून घेतलं, कमिटीपुढे मांडलं, आणि आठवड्यानं पेंटरकडून एक पाटी करून आणली. दाराजवळच्या कोपऱ्यात, जिथे पावसाचं पाणी झिरपायचं, तिथे ती लावली. पाटीवर लिहिलं होतं: ‘इतर’.

लहानूनं पाटी वाचली आणि खिशातून बिडी काढावी तसा हात घालून पुन्हा तसाच बाहेर काढला. राममिलन म्हणाला, ‘इतर मतलब हम?’ आणि मग मी पुढे झाले. मला आज आठवतं तेव्हा कानाच्या पाळ्या गरम होतात, पण मी खरोखर स्टुलावर चढले होते. कमिटीचे पाच-सहा जण समोर बसलेले, आणि मी गिरणीवाल्याच्या पोरीच्या आवाजात गर्जना केली, ‘इतिहासात कुणी इतर नसतं!’ स्टुलाचा एक पाय आखूड होता. त्यामुळे प्रत्येक मुद्द्याला मी डावीकडे झुकत होते, आणि हेमलतानं मागून माझी ओढणी घट्ट धरून ठेवली होती. मी मागणी केली की सगळ्या वस्तू एकाच दालनात, एकाच उंचीवर राहतील. प्रत्येक वस्तूची हकीकत ज्या घरची वस्तू त्या घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाच्या तोंडची असेल, त्याच्याच शब्दांत, खाली त्याचं नाव. आणि चिठ्ठ्या लिहू आम्ही मुलं, कमिटी नाही.

‘समयांनाही हा नियम?’ एका सभासदानं विचारलं.

‘समयांनाही!’

गुरुजींनी चष्मा पुसला. ‘मान्य,’ ते म्हणाले. ‘पण नियम म्हणजे सगळ्यांना हं, शैला. तुमच्या तलवारीलाही.’

‘अर्थातच!’ मी म्हटलं. आयुष्यात इतक्या आनंदानं मी कुठलाच शब्द उच्चारलेला नाही.

मग आम्ही वस्तू गोळा करायला निघालो. हेमलताच्या आईनं मासळीची टोपली दिली. ती दालनात आल्यावर दोन सभासद शिंकले आणि एकानं ती फिनेलनं धुवावी असं सुचवलं. हेमलता म्हणाली, ‘धुतली तर दुकानातली नवीच आणा ना मग.’ टोपली वासासकट राहिली. राममिलननं वडिलांचा कामावरचा सदरा आणला. मूळचा पांढरा, पण खांद्यावर निळा, छातीवर हिरवा आणि बाह्या जांभळ्या. चिठ्ठी वडिलांच्या शब्दांत म्हणजे हिंदीत आली: ‘धोने से नहीं जाता। पहले घरवाली झगड़ती थी, अब पहचान लेती है कि किस पाली से आया हूँ।’ (पाली म्हणजे कामाची पाळी.) हिंदी चालेल का यावर कमिटीची दोन तासांची सभा झाली. चालली.

लहानूच्या पाड्यावर मात्र माझी फजिती झाली. आम्ही गेलो तेव्हा त्याची आई भात झोडपत होती. मी जतनाचं महत्त्व सांगायला सुरुवात केली. तिनं सगळं ऐकून घेतलं, मग विचारलं, ‘काय देऊ? कोयता दिला तर कापू कशानं? सूप दिलं तर पाखडू कशात? आमच्याकडं नुसतं ठेवायचं सामान नाय बाय.’ त्यावर मी जतनाबद्दलच आणखी दहा मिनिटं बोलले. शेवटी लहानूनंच तोड काढली. दिवाळीनंतर घरचे वीटभट्टीवर जायचे. जाताना अख्खा संसार एका गाठोड्यात बांधायचे. रोजची चार भांडी मागे ठेवून ते गाठोडं निघायच्या आधी थोडे दिवस दालनात ठेवायचं, आणि निघायच्या दिवशी परत न्यायचं. ‘आणि मग जागा रिकामी?’ मी विचारलं. ‘रिकामी,’ लहानू म्हणाला. ‘भात कापला की आमचा पाडा पन तसाच दिसतो.’

तलवारीची चिठ्ठी मी शेवटी ठेवली होती, कारण ती मला पाठच होती. पण नियम म्हणजे नियम. आमच्या घरात सगळ्यांत मोठी अण्णांची थोरली बहीण, त्यांची अक्का, माझी आत्या. फार लवकर नवरा गेला म्हणून ती माहेरीच राहिली होती. दुपारी ती मागच्या पडवीत भिजवलेले वाल सोलत बसली होती. मी पेन सरसावून समोर बसले.

‘आत्या, तलवारीबद्दल सांग.’

‘ओटीवरची? ती बाबांची. नाटकातली.’

‘नाटकातली म्हणजे?’

‘नाटकातली म्हंजे नाटकातली. जत्रेला गावचं नाटक व्हायचं ना. बाबा राणीचं काम करायचे. राणी शेवटाला तलवार उपसून उभी रायची. मुंबईवरनं आणलेली ती, पत्र्याची हाय. खडा काचेचा. लुगडं आयचंच नेसायचे. आय म्हणायची, मला मेलं ते कधी एवढं शोभलं नाय.’

मी पेनाचं टोपण लावलं. ‘आणि लढाई?’

‘लढाई तुझ्या बापाची.’ तिनं एक वाल अंगठ्यानं दाबून सालातून सोडवला. ‘बाबा गेले तेव्हा तो एवढासा होता. शाळेत पोरं त्याला ‘राणीचा पोर, राणीचा पोर’ करून चिडवायची, लुगडं नेसल्यासारखं चालून दाखवायची. एक दिवस रडत घरी आला. दुसऱ्या दिवशी लढाई घेऊन शाळेत गेला.’

‘आणि तू काही बोलली नाहीस? इतकी वर्षं?’

‘काय बोलायचं? पोरगं रडायचं थांबलं ना.’

मी उठले आणि थेट हेमलताकडे गेले. वाटेत मी शास्त्रीय भूमिका तयार केली होती. लहानू आणि राममिलनही तिथेच, मासळी वाळवायच्या खळ्यावर बसले होते. बाजूला बोंबील वाळत होते. मी सगळं सांगितलं आणि समारोप केला, ‘थोडक्यात, साधनांमध्ये मतभेद आहेत.’

‘साधनं म्हंजे तुझी आत्या आणि तुझा बाप?’ हेमलतानं विचारलं.

‘हो.’

राममिलन हसला आणि लगेच थांबला. माझा चेहरा बघून थांबला असावा. कारण मला खरंच भीती वाटत होती. उद्घाटनाला सगळं गाव येणार, आणि काचेच्या पेटीखाली मी माझ्या हातानं लिहिणार की आमची लढाई खोटी, आमचा आजा लुगडं नेसायचा. अण्णा दुसऱ्या दिवशी गिरणी कशी उघडणार? न लिहावं, तर स्टुलावरची माझी सगळी गर्जना दुसऱ्यांच्या घरांपुरती. टोपलीला वास ठेवायला लावायचा आणि आपली तलवार मात्र पुसून ठेवायची.

‘काढून घे तलवार,’ लहानू म्हणाला. ‘कोनी जबरदस्ती केलीय? माझ्या आयनं पन कोयता नाय दिला.’

‘काढून घ्यायला अण्णांना कारण सांगावं लागेल.’

‘मग कारण सांग,’ हेमलता म्हणाली. ‘बाप तुझा हाय. आमच्याशी काय बोलतेस?’

अण्णा गिरणीत एकटेच होते, झिजलेल्या दगडाला छिन्नीनं टाकी लावत बसलेले. पट्टा उतरवलेला, त्यामुळे गिरणीत कधी नव्हे ती शांतता. अशा शांततेत आम्हा बाप-लेकीला बोलायची सवयच नव्हती. मी ‘अण्णा’ म्हटलं तेच इतकं मोठ्यानं की छपरावरची कबुतरं उडाली. मग मी हळू आवाजात आत्यानं सांगितलेलं सांगितलं. म्हटलं, आपण तलवार घरी आणू, ओटीवर लावू, कुणाला काही कळणार नाही.

ते टाकी मारत राहिले. मारता मारताच म्हणाले, ‘अक्का लुगड्याचं पन बोलली?’

‘हो.’

‘हं.’ पुन्हा टाकी. ‘राहू दे तलवार तिथंच. तू चिठ्ठी लिवू नको. मी येऊन सांगतो.’

‘काय सांगणार?’

‘ते बघू ना तेव्हा,’ ते म्हणाले आणि भुवयांवरचं पीठ मनगटानं पुसलं. पीठ तिथून कपाळावर गेलं. मला पुढचे सगळे दिवस नीट जेवण गेलं नाही. आईला वाटलं, इतिहासाचा अभ्यास.

उद्घाटनाला पाहुणे आले, नारळ फुटला. माणसं एकेका वस्तूपाशी थांबत पुढे सरकत होती आणि आम्ही चौघं चिठ्ठ्या वाचून दाखवत होतो. ‘इतर’ची पाटी कुठे गेली ते कुणाला माहीत नव्हतं. राममिलनच्या सायकलच्या कॅरिअरवर बसायची फळी नवी दिसत होती एवढंच. लहानूची आई आपल्याच गाठोड्याशेजारी उभी राहून कुणी गाठ सोडत नाही ना बघत होती. मग सगळे तलवारीपाशी आले. तिच्याखाली चिठ्ठी नव्हती. अण्णा धुतलेला सदरा घालून पेटीजवळ उभे होते, आणि ओटीवर लढाई ऐकलेली निम्मी माणसं समोर होती. ‘होऊन जाऊ दे, अण्णा!’ मागून कुणीतरी म्हणालं.

अण्णांनी घसा साफ केला आणि गिरणीतल्या आवाजात, कारण दुसरा आवाज त्यांच्याकडे नव्हताच, म्हणाले, ‘ही तलवार माझ्या बापाची. माझा बाप जत्रेच्या नाटकात राणी व्हायचा.’

दोघं-तिघं हसले. लढाईची नवी सुरुवात असावी असं त्यांना वाटलं. अण्णा थांबले. पुढे बोलायला तोंड उघडलं, आणि बंद केलं. तेव्हा मला कळलं. लढाई त्यांना तासभर सांगता यायची. बापाबद्दल त्यांच्याकडे दोनच वाक्यं होती, आणि ती संपली होती. बाप गेला तेव्हा ते एवढेसे होते. नंतर कुणाला विचारायची सोय त्यांनी स्वतःच बंद करून टाकली होती. स्टुलावरून बोलणारी मी तिथेच होते. मला एक शब्द सुचला नाही. सुचला असता तर तो संस्कृत असता.

‘मी बघितलीय ती राणी,’ बायकांमधून आवाज आला.

हेमलताची आजी. काठी टेकत पुढे आली. ‘आमची आळी दोराच्या मागं बसायची तेव्हा. पुढं तुमची माणसं, मधी दोर, मागं आमी. आमाला नुसती पाठ दिसायची सगळ्यांची. पन राणी आली की पार कडेला यायची. आमच्या बाजूला. गाणं आमच्याकडं बघून म्हनायची. नाटकवाले वरडायचे तिला, मधी ये, मधी ये. ऐकायची नाय.’

पुढच्या रांगेतल्या एक-दोन म्हाताऱ्यांनी खाली पाहिलं. दोराची गोष्ट त्यांनाही आठवत असणार. पण ती कुठल्याच चिठ्ठीवर आली नव्हती. लहानूच्या आईनं गाठोड्यावरचा हात काढला आणि नीट ऐकायला दोन पावलं पुढे आली.

अण्णांनी आजीला विचारलं, ‘कसे दिसायचे?’ हा प्रश्न त्यांनी हळू विचारला. मी त्यांना हळू बोलताना पहिल्यांदा ऐकलं.

आजीनं त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. ‘तुज्यासारखेच. पन देखणे.’

सगळे हसले, अण्णाही हसले, आणि मग त्यांचं विचारणं सुरू झालं. आवाज कसा होता? उंच होते का? लुगडं कुठल्या रंगाचं? डोक्यावर पदर घ्यायचे का मोकळं? तलवार कुठल्या हातात? आजी एकेकाचं उत्तर देत होती, मधेच आठवेना की काठी आपटत होती. पाहुण्यांना गाडी गाठायची होती, ते गेले. समया, तसबिरी बघून झालेली माणसं एकेक करून घरी गेली. हेमलतानं आजीला बसायला स्टूल आणून दिलं, तेच आखूड पायाचं, आणि स्वतः त्याला धरून बसली. अण्णा समोर जमिनीवर बसले. गुरुजी कुलूप-किल्ली हातात घेऊन दारात उभे होते. मी त्यांना म्हटलं, ‘गुरुजी, मी त्यांना उठवते.’

‘नको,’ गुरुजी म्हणाले आणि कुलूप खिशात टाकलं. ‘विचारू दे त्याला.’